पावणेअकरा मिनिटांची आई

असं समजा, की तुमच्या हातात साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आहे. त्याला दोन वायरी आणि वायरींच्या टोकांना दोन बोंडं. बोंडं कानात घाला. आता येतो तो आवाज तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त आठवण येते त्या माणसाचा. कुणाचा ते सांगू नका, मनातच ठेवा. सात मिनिटांनी तो आवाज थांबतो. मग तुम्ही काय कराल? पुन्हा पहिल्यापासून लावाल. तो पुन्हा थांबेल, आणि तेही बरोबर तिथंच.

मुंगीचं रोज असंच व्हायचं.

मुंगी आठ वर्षांची होती. खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं. पण घरात साखरेचा डबा कुठंही लपवा, ही बरोबर तिथं हजर, म्हणून मुंगी. बाबा ती तान्ही असतानाच गेले. ती मामा-मामींकडे राहायची, कारण आईची नोकरी दूरच्या एका बेटावर, हवामान केंद्रात होती. वारा किती, पाऊस किती, समुद्र किती खवळलाय, हे दर तीन तासांनी बघायचं आणि बिनतारी यंत्रावरून कळवायचं. त्या यंत्रावर घरच्या गप्पांना सक्त मनाई. फोन तिथं लागत नसे. पंधरा दिवसांनी एकदा सामानाची बोट यायची. माल उतरवून बोटवाला भोंगा वाजवेपर्यंत आई आडोशाला उभी राहून मुंगीसाठी बोलायची, आणि ते बोलणं नखाएवढ्या कार्डात भरून त्याच्या हाती पाठवायची.

आई मुळातच भरभर बोलणारी. मामा म्हणायचा, "ताईच्या तोंडात लाह्या फुटतात." त्यात मागे भोंग्याची धास्ती. सात मिनिटांत ती पंधरा दिवसांचं सगळं कोंबायची.

आई बेटावर जाण्याआधी रोज मुंगीला शाळेत सोडायला यायची. घरापासून शाळा अकरा मिनिटांवर. आधी गल्ली, मग चप्पल शिवणाऱ्याचं दुकान, मग बेकरीचा कोपरा, आणि तिथून शाळेच्या फाटकापर्यंत गोदामाची लांबच लांब भिंत. आता मुंगी एकटी जायची, कानात आईला घालून. बेकरीच्या कोपऱ्यावर आई संपायची. पुढं नुसती भिंत. ती चार मिनिटं मुंगीला खायला उठायची.

एक दिवस तिनं यंत्रावरची हळू चालवायची कळ दाबली आणि दचकून बोंडं काढली. आईचा आवाज जाडाभरडा झाला होता. ती तशीच मामाच्या दुकानात गेली. मामा रेडिओ आणि गाणी ऐकायची यंत्रं दुरुस्त करायचा.

"मामा, आईच्या जागी तू बोलतोयस. आणि तुला पडसं झालंय."

मामानं ऐकलं आणि खो खो हसला. मग मामींच्या शिवणाच्या डब्यातून इलॅस्टिकचा तुकडा आणून त्यावर पेनानं नागमोडी रेघ काढली. "ही आईच्या आवाजाची लाट. आता ताण."

मुंगीनं ताणलं. लाटा पसरट झाल्या.

"आवाज हळू करायचा म्हणून लाट ताणली, की ती अशी पसरते. पसरट लाट म्हणजे जाडा आवाज. म्हणून तुला मी ऐकू आलो."

"मग ताणायचंच नाही?"

"नाही. आता बघ." मामानं कागदाच्या पट्टीवर तशीच रेघ काढली आणि पट्टीचे कात्रीनं बारीक तुकडे केले. ते जरा लांब लांब मांडले. "लाट आहे तेवढीच राहिली. पण मध्ये काय आलं?"

"फटी."

"फटींतून आवाज खरखरणार. म्हणून प्रत्येक तुकड्याची नक्कल करायची आणि फटीत बसवायची. कडेवर कड चढवायची, छपरावर कौलं चढवतात तशी. एका सेकंदाचे तीस-चाळीस तुकडे! कानाला सांधा कळतच नाही. बोलणं हळू होतं, आवाज आईचाच राहतो."

मुंगी तुकड्यांकडे बघत राहिली. "म्हणजे आई जास्त मिळते?"

मामानं कात्री खाली ठेवली. "नाही गं. आहे तेवढीच. तीच दोनदा वाढलेली."

"चालेल," मुंगी म्हणाली.

ही युक्ती येणारं एक जुनं यंत्र दुकानात पडून होतं. मामानं ते साफ करून दिलं. मुंगीनं आकडे फिरवून फिरवून बघितलं. अर्ध्या वेगावर आई विहिरीत बसून बोलल्यासारखी वाटे. ०.६५ वर मात्र जमलं. सात मिनिटांची आई पावणेअकरा मिनिटं पुरायला लागली, अगदी फाटकाच्या अलीकडच्या खांबापर्यंत.

आणि एक नवीनच गंमत हाती आली. आई विचारायची, "दात पडला का गं?" पूर्वी त्या प्रश्नाला चिकटूनच पुढचं वाक्य यायचं. आता मध्ये एवढीशी जागा झाली, एक शब्द मावेल एवढी. मुंगी त्या जागेत म्हणायची, "पडला." आई म्हणायची, "वा!" ते 'वा' खरं तर पुढच्या गोष्टीचं होतं, पण चालायचं. भिंतीच्या कडेनं रोज अशा गप्पा व्हायच्या. थंडी सरली, उन्हाळा आला, पाच-सहा कार्डं पाठ झाली. दर कार्डाच्या शेवटी आई म्हणायची, "येतेच आता." ते दोन शब्द मुंगी खांबापाशी उभी राहून ऐकायची आणि मगच आत जायची.

बेटावर जाऊन दहा महिने झाले, तेव्हा आई खरंच आली. नऊ दिवसांच्या रजेवर.

दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ती सुरू झाली. "अगबाई केवढी झालीस, दात कुठं गेला, बूट नवीन का, मामानं घेतले का, जेवतेस ना नीट, वजन कुठंय तुझं, आणि वेणी कोण घालतं?"

मुंगीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कुठल्याच प्रश्नानंतर जागा नव्हती. ती मागे सरकत मामींच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"लाजतेय," मामी म्हणाल्या. "होईल दुपारपर्यंत सरळ."

दुपार झाली. मुंगी सरळ झाली नाही, दिसेनाशीच झाली. आईनं शोधत शोधत दुकान गाठलं. मुंगी टेबलाखाली बसली होती. डोळे मिटलेले, कानात बोंडं. मामानं ओठांवर बोट ठेवलं, मग खांदे उडवले. आई खाली वाकली तेव्हा मुंगीचे ओठ हलले. ती हळूच म्हणत होती, "पडला." मग जरा थांबून, "हो, मामींनी."

आईनं तिचं एक बोंड काढून आपल्या कानात घातलं.

"ही कोण गं बाई?"

मुंगीनं डोळे उघडले. "तू."

"मी? एवढी शांत?" आई हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. ती तशीच फरशीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. 'येतेच आता' झाल्यावर तिनं बोंड परत दिलं. "माझ्यापेक्षा बरी आहे ही."

"ताई, तुझ्या तोंडाला असा आकडा बसवता येत नाही," मामा म्हणाला. "मी लहानपणापासून प्रयत्न करतोय."

"गप रे!" मग आई मुंगीकडे वळली आणि फार जपून म्हणाली, "मुं... गी... तु... ला..."

"तू आजारी आहेस का?" मुंगीनं विचारलं. मामा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून हसला. आई हसली नाही. नऊतला एक दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मुंगीला शाळेत सोडायला निघाली. गल्लीत तिच्या लाह्या फुटायला लागल्या. चप्पल शिवणाऱ्याच्या दुकानापर्यंत वारा, बोट, बेटावरची आंधळी मांजर, गळकं छप्पर, सगळं होऊन गेलं. मुंगी शेजारून मुकाट चालत होती. बेकरीच्या कोपऱ्यावर आई एकदम थांबली. बोलायचीही आणि चालायचीही. समोर ती लांबच लांब भिंत.

आईनं मुंगीच्या दप्तरातून यंत्र काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"घे. इथून पुढं तिला ऐक. माझ्याकडनं हळू होत नाही गं. काल रात्रभर मनात घोकलं, तरी नाही होत."

मुंगीनं यंत्र घेतलं. आईच्या कानामागून घाम ओघळत होता. तो कुठल्याच कार्डात कधी आला नव्हता. आई आता काहीच बोलत नव्हती. एवढी मोठी जागा मुंगीला कधी मिळाली नव्हती. एक शब्द काय, सगळी गोष्ट मावली असती.

तिनं वायर नीट गुंडाळली, यंत्र आईच्या पिशवीत टाकलं आणि तिचं बोट धरलं.

"दात ना, इथंच पडला," ती म्हणाली. "बेकरीच्या पायरीवर. पण आधी तो चार दिवस नुसता हलत होता. पहिल्या दिवशी काय झालं सांगू?"

आईनं नुसती मान हलवली.

मुंगी भिंतीच्या कडेनं निघाली, टाचेला चवडा लावत, आपल्या नावाला शोभेल अशी. पहिला दिवस झाला, दुसरा झाला. तिसरा दिवस सांगता सांगता शाळेची घंटा वाजली. फाटक अजून बरंच लांब होतं. मुंगीनं तिकडे एकदा पाहिलं आणि पावलं आणखी लहान केली.