पाव न खाणारे सत्तावीस

मंगळवारी संध्याकाळी बेकरीवाले काका आमच्याकडे आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. हातात सकाळच्या न खपलेल्या पावांची पिशवी होती.

"घ्या, फुकट आहेत," ते म्हणाले. "भीती वाटत असेल तर पक्ष्यांना घाला. पक्ष्यांकडे अजून फोन आलेले नाहीत."

टोला माझ्या लेकीला होता. ती एकोणीस वर्षांची आहे आणि फोनवर आमच्या गल्लीच्या बातम्या चालवते. चार हजारांवर लोक त्या वाचतात. रविवारी तिने लिहिलं होतं, "गल्लीत उलट्या-जुलाब. बेकरीच्या पावावर संशय." त्या दिवसापासून काकांचं गिऱ्हाईक आटलं.

"शनिवारपर्यंत बघतो," काका म्हणाले. "रिकामी भट्टी किती दिवस तापत ठेवू? विटांची आहे. एकदा गार पडली की पुन्हा तापवायला आठवडा जातो, तडे जातात ते वेगळेच. या वयात मी काही ती परत पेटवायचो नाही."

पिशवी खुर्चीवर ठेवून ते गेले. लेक खाली मान घालून नखं कुरतडत राहिली.

माझ्या वडिलांना मात्र राहवलं नाही. त्यांनी चाळीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. आजही ते लाल पेन्सिल घेऊनच पेपर वाचतात आणि चुकांभोवती गोल करतात.

"काय संपादकबाई, आमच्याकडे एक बातमी चार टेबलांवरून जायची. तुमच्याकडे किती टेबलं?"

"एकही नाही. गादीवर बसून लिहिते मी," लेक फणकारली. "आणि तुमच्या चारही टेबलांवर तुमच्यासारखेच चार आजोबा. या गल्लीतल्या बाईचं कधी छापलंत काही? माझ्याकडे एकसष्ट जणांनी स्वतःहून लिहिलंय."

"छापलं नाही, हे खरं," वडील म्हणाले. "बायकांची पत्रं यायची. बहुतेक तिसऱ्या टेबलावर हरवायची."

मी दूध तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. मला त्या भांडणापेक्षा एकसष्ट या आकड्याबद्दल जास्त कुतूहल होतं. "तू नेमकं काय विचारलं होतंस?" मी लेकीला म्हटलं.

तिने फोन पुढे केला. 'बेकरीचा पाव खाऊन कोण कोण आजारी पडलं?'

"आणि पाव न खाता आजारी पडलेल्यांनी काय लिहिलं?"

"त्यांनी कशाला लिहायचं? हा प्रश्न त्यांना कुठे..." ती थांबली. मग म्हणाली, "अगं आई!"

"धडधाकट आहेत त्यांनाही विचार. गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक घर तोच पाव खातं. आजारी माणसाने पाव खाल्ला होता, एवढ्यावरून काय कळणार? त्या सगळ्यांनी केसही विंचरले असतील."

त्याच संध्याकाळी तिने तीन प्रश्न टाकले. आजारी पडलात का? पाव खाल्लात का? घर क्रमांक काय? बुधवारी दुपारपर्यंत तीनशे चाळीस उत्तरं आली. पाव न खाणारे त्यांत जेमतेम चार निघाले आणि चौघंही ठणठणीत होते. लेकीचा चेहरा उतरला.

"म्हणजे पावच?"

"चारांवरून मी काहीच म्हणणार नाही."

वडील आमच्या खांद्यांवरून यादी वाचत होते. "यात आमच्या बाकावरचा एकही माणूस नाही," ते म्हणाले.

बाग आमच्या घरासमोर आहे. तिथल्या बाकांवर वडिलांचं मंडळ सकाळी पेपर वाचतं. एक अंक आठजणांत फिरतो. त्यांच्यातल्या कुणाच्याही फोनवर बातम्या येत नाहीत. काहींकडे फोनच नाही. मला हे सुचायला हवं होतं. जो नमुना हाताशी येतो तो सगळ्यांचा नसतो, हे मी नव्या मुलींना दर वर्षी शिकवते.

वडिलांनी जुन्या मुद्रितांच्या पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापल्या, पेन्सिल खिशात टाकली आणि पाव न खाणाऱ्यांना शोधून तेच तीन प्रश्न विचारायला निघाले. गुरुवारी जेवायच्या वेळेला ते परत आले तेव्हा त्यांच्याकडे सत्तावीस चिठ्ठ्या होत्या.

"यातलं एकही माणूस पाव खात नाही," ते म्हणाले. "कुणाला दात नाहीत, कुणाला डॉक्टरांची मनाई. एकाचा तर काकांशी तेवीस वर्षं अबोला आहे."

लेक चिठ्ठ्या वाचू लागली. एका चिठ्ठीवर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाव खात नाही. चार दिवस आजारी होते. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.' तिने ती दोनदा वाचली आणि बाजूला ठेवली.

सत्तावीसांपैकी सहाजण आजारी पडले होते. आम्ही सगळं टेबलावर मांडलं. पाव खाणाऱ्यांत दर पाचांमागे एक आजारी होता. न खाणाऱ्यांतही साधारण तेवढेच होते. पावाने काही फरक पडत नव्हता. मग आम्ही घर क्रमांक लावले. दोन सोडले तर सगळे आजारी गल्लीच्या एकाच बाजूच्या इमारतींमधले होते. त्या बाजूला जुन्या टाकीचं पाणी येतं आणि समोरच्या बाजूला नव्या टाकीचं.

"आणि हे दोघं?" लेकीने विचारलं.

त्यांतली एक बाई रोज पलीकडे बहिणीकडे जेवते, असं चौकशीत कळलं. दुसऱ्याचं कारण सापडलं नाही. सगळीच उत्तरं जुळली असती तर मला जास्त शंका आली असती.

त्याच दुपारी मी निर्जंतुक बाटलीत जुन्या टाकीचं पाणी घेतलं आणि साहेबांच्या परवानगीने प्रयोगशाळेत तपासायला लावलं. शुक्रवारी दुपारी नळीतलं जांभळं द्रावण पिवळं पडलेलं होतं आणि आत बुडबुडे होते. पाण्यात सांडपाण्याचे जंतू होते. मी पाणीखात्याला फोन केला. तासाभरात त्यांचा माणूस टाकीवर चढला.

आता काकांचा प्रश्न उरला होता आणि हातात एक संध्याकाळ होती.

"जुनी बातमी काढूनच टाकते," लेक म्हणाली.

"आम्हाला ती सोय नव्हती," वडील म्हणाले. "छापलं की छापलं."

"मग चुकलं की काय करायचात?"

"सातव्या पानावर, खाली, शब्दकोड्याच्या शेजारी दोन ओळी."

"त्या कोण वाचायचं?"

"ज्याची बदनामी झाली तो. आणि मी."

लेक हसली नाही. तिने फोन उचलला. मग तिने बातमी तशीच ठेवून वर लिहिलं, 'ही माझी चूक होती. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. दोष पाण्यात आहे. जुन्या टाकीचं पाणी उकळून प्या.' खाली साऱ्या उत्तरांचे आकडे दिले. सत्तावीस चिठ्ठ्याही त्यात धरल्या.

दोन तासांत ते एकशे नव्वद जणांनी पाहिलं. रविवारची बातमी चार हजारांनी पाहिली होती.

"हे तर तुमचं सातवं पानच झालं, आजोबा," ती म्हणाली आणि चपला घालू लागली. पहिल्या एकसष्ट जणांचे घर क्रमांक तिच्याकडे होते. तिने जिने घेतले, वडिलांनी बाग आणि तळमजले. साडेआठला दोघं परतले, दमलेले आणि चिडलेले.

"एकीने विचारलं, परवा ते खरं होतं, आज हे खरं. उद्या काय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, टेबलावर सगळे कागद आहेत, येऊन स्वतः मोजा." दारावरची घंटा वाजली. तिघं खरंच मोजायला आले होते. त्यांतल्या एकाने माझ्या बेरजेतली एक चूक काढली. वडिलांनी खुशीत तिच्याभोवती लाल गोल केला.

शनिवारी सकाळी मी बेकरीत गेले. एरवी त्या वेळी वीस-पंचवीस माणसं असतात. आज नऊ होती. मला राहवेना म्हणून मी रांगेतच विचारत सुटले. पाव चांगला आहे, हे कळलं कसं?

दोघांनी फोनवर वाचलं होतं. चार आजोबांना बाकावर समजलं. एक बाई म्हणाली, "तुमच्या मुलीने घंटा वाजवून वाजवून माझं बाळ उठवलं, तेव्हा कळलं." तिच्यामागच्या तरुणाला बाळाच्या आईनेच सांगितलं होतं.

शेवटची बाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "चांगला आहे म्हणजे? वाईट कधी होता? मी पंधरा दिवस बाहेरगावी होते."

आतून काका हसले. गेल्या आठवड्यातलं मी ऐकलेलं त्यांचं हे पहिलंच हसू. "ताई, तुम्ही रोज येत जा," ते तिला म्हणाले.

"मग भट्टी?" मी विचारलं.

"नऊ माणसांत परवडत नाही," ते म्हणाले. वाकून त्यांनी दोन लाकडं आत सारली. "पण सोमवारपर्यंत बघतो. पोरीला सांगा, अजून तीन जिने राहिलेत."