भरदुपारी लागलेला दिवा

भरदुपारी दिवा लागला आणि वडूजजवळच्या त्या वाडीतलं निम्मं गाव आक्काताईंच्या सोप्यात येऊन उभं राहिलं. "जयराज आला! सुट्टीवर आला!" कुणी चपला काढल्या, कुणी डोकं टेकलं. एका म्हातारीनं तर दिव्यालाच विचारलं, "जेवलास का रं लेका?"

आक्काताई औक्षणाचं ताट धरून उभ्या होत्या. आज त्यांच्या जयराजचा वाढदिवस. पोरगा फौजेत होता. दहा महिन्यांपूर्वी गाडी दरीत कोसळली आणि तो गेला. मागे उरले त्या, नवरा लालासाहेब आणि सून प्रियंका. आणि हा दिवा.

दिवा आणला होता भाऊसोनं. भाऊसो म्हणजे जयराजचा वर्गमित्र, ह्याच चुलीवरची भाकरी खाऊन वाढलेला, त्याला खांदा दिलेला. नंतर गडी कुठंतरी गायब झाला आणि थोड्याच दिवसांत भगवी कफनी घालून भाऊसो महाराज होऊन परतला. आल्या आल्या त्यानं मुठीएवढा पांढरा दिवा सोप्यातल्या प्लगात खोचला. "काकी, जयराजची ड्युटी लागलीया. दिस मावळला की पहाऱ्याला येणार, उजाडलं की जाणार. आत्म्याचा उजेड हाय, मीटर त्येचं रीडिंगच घेत न्हाई!"

आणि खरंच की हो! दिवेलागणीला दिवा आपोआप लागे, उजाडताच विझे. बिलही उतरलं. गावातली लाईट गेली की मात्र दिवा लागत नसे. त्यावरही महाराजांचं उत्तर तयार: "आज रजा मंजूर झाली न्हाई." लोक हेही मुकाट गिळत! घरोघरी असले दिवे खपू लागले, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला आक्काताईंचा सोपा होताच.

तेवढ्यात प्रियंकाला सांगलीला, विश्रामबागेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. सासू-सासऱ्यांना घेऊनच जायचं तिनं ठरवलं. घराला कुलूप म्हणजे महाराजांच्या दुकानाला कुलूप! लगेच त्यांच्या अंगात आलं. "जयराज सांजचं येणार आन कुलूप बघून दारातनं माघारी जाणार, काकी!" हे ऐकून कुठली आई घर सोडेल? आक्काताईंनी सुनेचे पाय धरले. पोरीनं भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली. शाळेत हजर व्हायची मुदत उद्या संपत होती.

रोज आक्काताई दिव्यापुढं नुसतं फूल ठेवत. आज वाढदिवस म्हणून त्यांनी लेकाला लावावं तसं दिव्याच्या कपाळावर, वरच्या गोल ठिपक्यावर, ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं. आणि दिवा लागला.

भाऊसो धावत आला. गर्दी बघून खूश व्हायचा, तर तोंड उतरलेलं. "दुपारचं आलाय म्हंजी कोप हाय! सरका!" काहीबाही पुटपुटत त्यानं अंगठ्यानं कुंकू पुसलं. दिवा विझला.

"पुसलंस का रं?" आक्काताई कळवळल्या. "वाढदिवसाचं कुंकू व्हतं त्ये."

स्वयंपाकघराच्या दारातून प्रियंका त्या अंगठ्याकडं बघत होती. ती पुढं आली.

"वैनी, हात लावू नगा! इधवेचा हात..."

हे तो पहिल्या दिवसापासून बजावत होता. प्रियंकानं सरळ तळवा त्या ठिपक्यावर ठेवला. दिवा लागला. उचलला, विझला. पुन्हा ठेवला, पुन्हा लागला.

"आत्या, ह्या ठिपक्याला उजेड कळतो. उजेड असला की दिवा बंद, अंधार पडला की चालू. कुंकवानं झाकला, त्याला वाटली रात्र. सांगलीत वीजसामानाच्या दुकानात मिळतो असला दिवा."

"आन बिल?" मागून कुणीतरी विचारलं.

"सोप्यात शंभर वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर जळायचा. दिवा आल्यावर तो लावायचं आम्ही बंद केलं. बिल त्यानं उतरलं. ह्याला एका वॅटपेक्षाही कमी वीज लागते, तीही मीटरवर पडतेच." ती आक्काताईंकडं वळली. "मी विज्ञान शिकलेली, आत्या. पण तो येतोय असं वाटून मलाही बरं वाटायचं. म्हणून कधी तपासलंच नाही."

"काकी, ही शिकलेली माणसं..." भाऊसोनं तोंड उघडलं.

"गप!" आक्काताईंनी ताट खाली ठेवलं. "तू खांदा दिलास रं त्येला. माझ्या हातची भाकर खाल्लीस. आन माझा मेलेला ल्योक इकायला बसलास व्हय?"

भाऊसो दाराकडं सरकू लागला.

"रोज सांजचं म्हणायची, आला माझा बाळ. म्हणून मी रडलेच न्हाई. माझं रडूसुदिक चोरलंस तू!"

आणि मग त्या रडल्या. सुनेच्या गळ्यात पडून, दहा महिन्यांचं साठलेलं रडल्या. भाऊसो कधी सटकला, कुणी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही सांगलीला गेली. आक्काताईंनी कुलूप स्वतःच्या हातानं लावलं. दिवा बरोबर नेला; न्हाणीच्या वाटेवर लावला, लालासाहेब अंधारात ठेचकाळू नयेत म्हणून. वस्तू चांगलीच आहे, दोष तिचा नव्हता. तुम्हीही जरूर घ्या, किती वॅटचा आहे ते बघून घ्या, आणि मोठा बल्ब आठवणीनं मालवा. पण कुणी तुमच्या गेलेल्या माणसाचं नाव घेऊन चमत्कार दाखवू लागला आणि वर हात लावू नका म्हणाला, तर आधी हात लावून बघा.