संगिनीच्या मैदानावरचे आडवे पोते

मित्रांनो, मी एक जुने तागाचे पोते आहे. जुने म्हणजे किती ते विचारू नका, मोजायची सवय मला नाही. माझे भाऊबंद तुमच्या घरात गहू-ज्वारी पोटात धरून भिंतीला टेकून बसले असतील. मी मात्र धुळ्याबाहेरच्या माळावर, एका सैनिकी प्रशिक्षण केंद्राच्या मैदानात आडवे पडलेले असते. तरुण पोरे ओरडत धावत येतात आणि माझ्या पोटात संगीन खुपसतात. संगीन म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावलेला लांब सुरा. मला दुखत नाही. तुम्ही हळहळण्याआधीच सांगून टाकले.

फार पूर्वी मी धरणगावच्या बाजारात होते. तेव्हा माझ्यात ज्वारी असायची. ते दिवस चांगले होते असे आता वाटते, तेव्हा काहीच वाटत नव्हते. हमाल मला पाठीवर घेत, गिऱ्हाईक माझ्यात हात घालून दाणे तळहातावर खेळवत. चुकून कुणाचा पाय लागला, तर तो माणूस लगेच वाकायचा, मला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. भरल्या पोत्याला पाय लागला की वाकायचे, हे आपल्याकडे मुद्दाम कुणी शिकवत नाही. मूल चालायला लागते तेव्हाच ते त्याच्या अंगात येते. पुढे उंदरांनी मला कुरतडले आणि माझा मान संपला.

सीमेवर लढाई पेटली, तेव्हा मला इथे आणले. माळावर रांगेने तंबू उभे राहिले. आपणहून नाव दिलेली पोरे ट्रकमधून उतरली. त्यांचे केस कापले, मोबाइल जमा करून घेतले. एरवी जे शिकायला महिने लागतात, ते आठवड्यांत शिकवायचे होते. माझ्यात कडबा आणि कपाशीच्या काड्या ठासून माझे तोंड शिवले. बाकीची पोती चौकटीला टांगली, मला तेवढे जमिनीवर टाकले. मी म्हणजे पडलेला शत्रू. पडलेल्याच्या अंगातून संगीन सहजी निघत नाही, त्याच्यावर बूट रोवून ती उपसावी लागते. ते शिकवण्यासाठी मी होते.

शिकवणारे हवालदार बन्सीलाल जळगावच्या पिंप्राळ्याचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते "घोंप!" म्हणाले की खुपसायचे आणि "निकाल!" म्हणाले की उपसायचे. पोरे पहाटेपासून धावत, दिवसभर ओरडत आणि ताटात काय आहे ते न बघता जेवत. सुरुवातीला काही जण रडायचे. मग तेही बंद झाले. एका सकाळी हजेरीच्या वेळी सांगितले गेले, की आधीच्या तुकडीतला सुकदेव सीमेवर मारला गेला. त्यानंतर चहा आला. पोरांनी चहा घेतला आणि ती मैदानावर आली.

या पोरांत एक लखन होता. सातपुड्याच्या पायथ्याचा, गावातून सैन्यात आलेला पहिलाच. टांगलेल्या पोत्यांवर त्याचा हात सगळ्यांपेक्षा साफ चाले. मग तो माझ्याकडे आला. त्याने संगीन खुपसली, माझ्यावर बूट ठेवला, संगीन उपसली. आणि पुढच्या पोत्याकडे धावण्याऐवजी वाकला, मला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

सगळी तुकडी हसली. उस्तादांनी त्याला डोक्यावर बंदूक धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तो फेऱ्या मारून आला, पुन्हा खुपसली, पुन्हा वाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याला शिक्षेचे काही वाटत नसे, पण आपला हात ऐकत नाही याची त्याला भीती वाटू लागली होती.

शेवटी पाणी प्यायच्या सुट्टीत उस्ताद त्याच्याजवळ, म्हणजे माझ्याच शेजारी, येऊन बसले.

"लखन, काय आहे रे त्या पोत्यात?"

"कडबा शे, उस्ताद."

"मग नमस्कार कुणाला करतोस?"

"मी करत नही. पाय लागना का हात आपोआप खाले जास."

उस्तादही खानदेशातलेच.

"मलाही आईने तेच शिकवलंय," ते म्हणाले. "पण तू वाकशील तेवढ्यात दुसरा तुझ्या मानेत सुरा घालेल. शनिवारी चाचणी आहे. त्यात वाकलास तर तुला घरी पाठवीन. सुकदेवच्या बापाला फोन मी केला होता. तसा फोन तुझ्या घरी करण्यापेक्षा तुलाच पाठवलेला बरा."

"घर नका धाडू, उस्ताद. आख्खं गाव माले सोडाले एसटीपर्यंत उनं व्हतं."

"मग हात सांभाळ."

त्या दिवसापासून संध्याकाळी सगळे तंबूत गेले, की लखन एकटाच माझ्याकडे यायचा. बंदूक नसायची. तो माझ्यावर बूट ठेवायचा आणि उचलायचा. हात खाली यायला लागला की दुसऱ्या हाताने त्याचे मनगट घट्ट धरायचा. एका संध्याकाळी त्याने बूट ठेवला, उचलला आणि त्याचा हात हललाच नाही. त्याने पुन्हा करून पाहिले. हात नुसता लोंबत होता. लखन हसला नाही, रडला नाही, जेवायला निघून गेला. मित्रांनो, मला दुखत नाही असे मी म्हटले होते, ते संगिनीबद्दल. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले.

शनिवारी तो पास झाला. उस्ताद त्याची पाठ थोपटून "शाब्बास" म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघू लागले.

शपथेच्या दिवशी पोरांच्या घरचे लोक आले. लखनची आई सुगंधाबाई नवे लुगडे नेसून आली होती. समारंभानंतर तिने विचारले, "तू आठे रोज काय करस रे?" तो तिला मैदानावर घेऊन आला. "आठेच शिकतस आम्ही," एवढेच म्हणाला. काय शिकतो ते त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. टांगलेल्या पोत्यांची भोके ती बघत राहिली. बुटाची नाडी सुटली होती म्हणून लखनने पाय वर ठेवला. तो माझ्यावर ठेवला. नाडी बांधून झाली, तो आईशी बोलत राहिला, सीमेवर जाणारी गाडी किती वाजता सुटते ते सांगत राहिला.

"भाऊ," सुगंधाबाई हळूच म्हणाली, "तुना पाय आजून तठेच शे."

त्याने खाली पाहिले. बूट काढून घेतला. आई त्याच्या हाताकडे बघत होती. मीही बघत होते. हात हलला नाही. तो म्हणाला, "चाल माय, उशीर व्हयी ऱ्हायना."

सुगंधाबाई खाली वाकली. तिने मला हात लावला आणि कपाळाला लावला. तिचा पाय मला लागलेलाच नव्हता. मग ती त्याच्या मागोमाग चालू लागली.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. पोत्याचे काय, फाटले तर दुसरे भरता येते. एवढेच करा. लखन लढाईवरून परत आला, तर त्याने किती मारले ते त्याला विचारू नका. त्याला धान्याच्या खोलीत बसू द्या, पोत्यांमध्ये वावरू द्या. पाय लागला आणि तो वाकला नाही, तर त्याला बोलू नका. चालायला लागता लागता शिकलेली गोष्ट त्याने इथे फार कष्टाने विसरली आहे. ती परत यायला त्याला वेळ द्या.