न वाजणारी खिरापत

कादंबरी वाईट होती. सुनंदाने शेवटचं पान मिटलं, चष्मा काढून पोटावर ठेवला आणि खिडकीतून आत येणारा सातविणीचा उग्र वास छातीभर घेतला. ऑक्टोबर लागला की चंदीगडच्या रस्त्यांवर हा वास असा भरून राहतो की दारं लावली तरी उशाशी येऊन बसतो.

दोनशे बारा पानं. मुखपृष्ठावर सुखना तलाव, मावळता सूर्य आणि पाठमोऱ्या दोन बायका. नाव ‘सुखनाकाठच्या सख्या’. लेखिका विमल, सुनंदाची चौतीस वर्षांची मैत्रीण. मागच्या महिन्यात पुस्तक हातात पडलं तेव्हा मलपृष्ठावरची एक ओळ वाचूनच सुनंदाने ते मिटलं होतं. ‘दोन मैत्रिणी, आणि वर्षानुवर्षं पुरून ठेवलेलं एक गुपित.’

तीन आठवडे तिने पुस्तकाला हात लावला नाही. देवघराच्या खालच्या कप्प्यात उपडं घालून ठेवलं. मग मंडळाच्या चारुशीलाचा फोन आला. “काकू, यंदाचा भोंडला तुमच्या गच्चीवर ना? गाण्यांच्या आधी विमलकाकूंच्या पुस्तकावर पाच मिनिटं बोला. छान छान बोला हं!” आता वाचणं भाग होतं.

वाचलं, आणि पुरलेलं गुपित निघालं काय, तर कादंबरीतल्या वसुधाचा नवरा लग्नाआधी तिच्या मैत्रिणीला, नंदिनीला, बघायला गेला होता! एकशे नव्वदाव्या पानावर ते फुटतं, दोघी तलावाकाठी गळ्यात गळा घालून रडतात आणि सगळं गोड होतं. नंदिनी, म्हणजे उघडच सुनंदा, तर काय, साक्षात गंगा. वसुधाला ताप आला की रात्रभर उशाशी, वसुधाची पोरं हिच्या मांडीवर. राग नाही, हेवा नाही. हाडामांसाची बाई ती नव्हतीच.

आपण सुटलो, असं सुनंदाला आधी वाटलं. पण ते वाटणं अठ्ठ्याऐंशीव्या पानापाशी जाऊन अडत होतं. अख्ख्या पुस्तकात ते एकच पान खरं होतं. वसुधा पत्राची वाट बघते. थंडीत शाल लपेटून रोज फाटकाशी उभी राहते, पोस्टमनची सायकल येते आणि पुढे जाते. पान संपताना लिहिलं होतं, ‘मग तिला कळलं की आपला आवाज कुणी बोलवावा असा नाहीच. त्या दिवसापासून ती कणीक मळतानासुद्धा गायली नाही.’

ते पत्र आलं होतं. ते सुनंदापाशी होतं.

ब्याण्णव सालचा जानेवारी. सरकारी क्वार्टरच्या एकाच जिन्यावर समोरासमोर दोन दारं. एका दारात सांगलीची सुनंदा, कडेवर सहा महिन्यांचा सुश्रुत, हिंदी बोलायला गेली की भाजीवाला हसायचा. नवरा वामन पंधरा पंधरा दिवस दौऱ्यावर. दुसऱ्या दारात अमरावतीची विमल, जिच्या ओठांवर जात्यावरच्या ओव्या पिठासारख्या भुरभुरायच्या. आजीच्या तोंडून घेतलेल्या शंभरेक, बाकी स्वतःच्या. पहिल्याच थंडीत धुक्याने आठ दिवस सूर्य दिसला नाही, सुनंदा दार लावून रडत बसली, तेव्हा विमलने दाराबाहेरूनच म्हटलं होतं,

“परमुलखाच्या गं वाटे, नाही कुणी ओळखीचं,
दार उघड सयाबाई, बोल काही माहेरचं.”

सुनंदाने दार उघडलं होतं.

विमलने नागपूरच्या रेडिओ केंद्रात लोकगीतांच्या कार्यक्रमासाठी अर्ज केला होता. ती तिकडे लागली असती तर नवराबायको एका गावी या नियमाने तिच्या नवऱ्याला, शंकररावांनाही बदली मागता आली असती. दोघं रजेवर गावी गेली तेव्हा किल्ली सुनंदाकडे होती, तुळशीला पाणी घालायला आणि टपाल घ्यायला. तपकिरी सरकारी पाकीट आलं. सुनंदाने ते उघडलं, आवाजाच्या चाचणीची तारीख वाचली, आणि समोरचं बंद दार बघत राहिली. चार दिवस ठेवू, मग देऊ, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. बस, इतकंच. तारीख उलटून गेली, आणि मग द्यायला काही उरलंच नाही.

त्या घरातून या घरात सामान हललं, वामनरावही गेले. पाकीट मात्र खिरापतीच्या जुन्या पितळी डब्यात, तळाच्या वर्तमानपत्राखाली तसंच होतं.

भोंडल्याच्या दिवशी दुपारी नात अबोली पाटावर हत्ती काढत बसली होती. तिने विचारलं, “आजी, सूंड किस तरफ?”

“उजवीकडे. आणि तांदूळ सांडू नकोस गं.”

“नहीं सांडती बाबा!” म्हणत पोरीने मूठभर सांडलेच.

विमल तासभर आधीच आली. गुडघ्याला पट्टा, केसांत चाफ्याचं प्लॅस्टिकचं फूल, हातात पुस्तकाच्या दहा प्रतींची पिशवी. गच्चीवरच्या खुर्चीत बसता बसता तिने धाप टाकली.

“मायबाई, तुझा तिसरा मजला माझा जीव घेईल एक दिवस. बरं, आधी सांग. झालं वाचून?”

“झालं.”

“मग? तोंड काहून असं केलंस? आवडलं नाही न?”

“तसं नाही...”

“हे बघ सुनंदा, चारुशीला म्हणाली बढिया है काकू. तिने दहा पानंसुद्धा उघडली नसतील. सुनेने फोटो टाकला इन्स्टावर, वाचलं नाही. तू वाचलंस. तू खोटं बोलू नको.” विमल हातातल्या पिशवीचा बंद पिळत होती. “छापणारा म्हणाला, बाई, तुमची वसुधा गाणं सोडते त्याला कारणच नाही. एक पत्र आलं नाही म्हणून कुणी जन्माचं गाणं सोडतं का? वाचकाला पटत नाही. मी म्हटलं, भाऊ, असंच झालं होतं. तो म्हणे, झालं असेल, पण पुस्तकात पोकळ वाटतं. मग मी ते नवऱ्याचं घुसडलं.”

“ते पटत नाही,” सुनंदा म्हणाली.

“मलाही नाही पटत.” विमल हसली. ते हसणं लगेच विझलं. “तू वाईट म्हणालीस तर हे शेवटचं. आयुष्यात दोनदा दार वाजवलं मी. आपल्याला बोलावणं येत नाही, हे एकदा धरून चाललं की बरं असतं. शंकरराव म्हणायचेच, तुझा आवाज घरात ठीक आहे. ते गेले असंच समजून.”

आता गोड बोलून वेळ मारून नेली असती तरी चाललं असतं. नंदिनीचं कौतुक करायचं, टाळ्या, खिरापत, घरी. सुनंदाला मात्र दिसलं की ते बोलणं म्हणजे दुसरं पाकीट लपवणंच आहे. हीच बाई, त्याच दोघी, आणि पुन्हा तोच हात.

ती उठली. खोबऱ्या-खडीसाखरेची खरी खिरापत स्टीलच्या डब्यात होती. तो तिने बाजूला सरकवला आणि मागचा पितळी डबा विमलच्या मांडीवर ठेवला.

“ओळख.”

सवयीने विमलने डबा कानाशी नेला, हलवला. क्वार्टरच्या अंगणात ती नेहमी पहिली ओळखायची. शेंगदाणे कसे वाजतात, चणे कसे, सगळं तिला ठाऊक. “वाजत नाही. वड्या? नाही, वजनच नाही. शिरा केलास? हरले बाई, सांग.”

“उघड.”

विमलने उघडला. पाकिटावरचं आपलं नाव तिने आधी नुसतंच पाहिलं, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं. मग कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. वाचायला तिला फार वेळ लागला. गच्चीखालून स्कूटरचा आवाज आला, कुणीतरी कुणाला “पार्किंग यहाँ नहीं जी” म्हणालं.

“एकोणीस जानेवारी,” विमल म्हणाली. “सकाळी अकरा.”

“हो.”

“आम्ही सातला परत आलो होतो.”

“हो.”

“म्हणजे बारा दिवस.” तिने मान वर केली. “बारा दिवस तू रोज चार वाजता माझ्याकडे चहाला येत होतीस.”

सुनंदाला पुष्कळ सांगायचं होतं. ते धुकं, ते बंद दार, कडेवरचं किरकिरणारं पोर. पण चौतीस वर्षं मनात रचलेलं ते सगळं आत्ता तांदळाच्या हत्तीसारखं होतं, फुंकर मारली की विस्कटेल असं. ती एवढंच म्हणाली, “तू गेली असतीस.”

“हो. गेली असते.”

विमल रडली नाही, ओरडलीही नाही. तिने पत्राची घडी केली, पुस्तकाची एक प्रत काढली आणि पत्र नेमकं अठ्ठ्याऐंशीव्या पानात ठेवून पुस्तक मिटलं. “बोलावलं होतं मला,” ती हळूच म्हणाली. ते सुनंदाला उद्देशून नव्हतं.

जिन्यातून बायकांचा कलकलाट वर आला. चारुशीला, मोहालीच्या नोकरदार मुली, त्यांची पोरं. पाट मधोमध आला, फेर धरायची वेळ झाली.

“सुनंदाकाकू, आधी पुस्तकावर!”

सुनंदाने विमलकडे पाहिलं. विमलने पिशवी खुर्चीखाली सरकवली. “राहू दे ते. पुस्तक अर्धवट आहे.”

“बरं, मग गाणी! म्हणणार कोण? यूट्यूबवर लावू?”

“मी म्हणते,” विमल म्हणाली.

फेरात ती सुनंदाच्या समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आजवर ती कायम शेजारी असायची. आज सुनंदाच्या एका हातात अबोलीचा हात आला आणि दुसऱ्या हातात कुणा नव्या मुलीचा, गार आणि अनोळखी.

विमलने सूर लावला. परमुलखाच्या गं वाटे. चौतीस वर्षं न वापरलेला आवाज वर चढताना चिरला, दम तुटला, ‘दार’ शब्दावर तर बसलाच. पण मधे कुठे एखाद्या वळणावर तो जुना गळा क्षणभर निघे, ओल्या मातीतून कोंब निघावा तसा, आणि सुनंदाला कळे की तो काय झाला असता, कुठवर ऐकू गेला असता. पुढची ओळ बायकांना येत नव्हती. येत होती फक्त सुनंदाला. तीही विमलने एकटीनेच म्हटली.

खिरापत वाटली तेव्हा विमल चप्पल घालत होती.

“उद्या येशील?” सुनंदाने दारात विचारलं.

विमल एकेक पायरी कठड्याला धरून उतरत होती. पिशवी छातीशी धरलेली. वळणावर थांबली, वर पाहिलं नाही.

“चहाला नाही,” ती म्हणाली, आणि खाली उतरत राहिली. तिची पावलं बंद झाल्यावरही सुनंदा कान देऊन उभी होती. हातातला पितळी डबा तिने उगाच एकदा हलवून पाहिला.