पायमोज्यांचा नमुना

माझी धाकटी बहीण कोंबड्यांना औषधाचा थेंब देत नाही आणि बाबा औषधाशिवाय खाद्य कालवत नाहीत. दोघांच्या शेड अगदी पाठीला पाठ लावून. शेवटी बाबांनी निर्वाणीचं सांगितलं, "दोन्ही शेडमधल्या जंतूंच्या तपासणीत फरक दिसला नाही, तर तुझी शेड मी चालवणार. माझ्या पद्धतीनं." तपासणी माझ्या गळ्यात, कारण प्रयोगशाळेत नोकरी माझी!

नमुना घ्यायची रीत सोपी आहे. बुटांवर ओलसर कापडी मोजे चढवायचे आणि शेडभर फिरायचं. मोज्यांना चिकटलेले जंतू आम्ही प्लेटांवर वाढवतो आणि मधोमध औषधाची टिकली ठेवतो. जंतू मेले तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो. रोजच्या औषधानं निर्ढावलेले असले तर टिकलीला खेटून मजेत वाढतात.

सकाळी प्लेटा बाहेर काढल्या. बाबांच्या एकीवरही गोल नव्हता. बहिणीच्याही नव्हता! पण दोन शेड इतक्या सारख्या? मी फोन लावला.

"बाबा, मोजे घालून कोण फिरलं?"

"मीच. तिच्यावर भरवसा ठेवू होय?"

"दोन्हीकडे वेगळी जोडी ना?"

"कशाला? माझ्याकडे फिरलो, मग तीच जोडी उलटी करून तिच्याकडे. एकेक मोजा दोन पिशव्यांत भरला. नवी जपून ठेवलीय."

टूथपेस्टची ट्यूब कापून वापरणारा माणूस हा! मला हसूही येईना आणि ओरडताही येईना. तडक तिकडे गेले आणि बहिणीला कोऱ्या मोज्यांत फिरवलं.

निकालाच्या दिवशी दोघंही प्रयोगशाळेत हजर.

"उघड ना गं ताई!"

उघडलं. गोल! दुसरीवर गोल, तिसरीवर तर केवढा मोठा! मी चक्क किंचाळले. बहिणीनं मला गच्च मिठी मारली, आमचे साहेब दारातून डोकावून गेले.

"हिच्यावर नाही," बाबा म्हणाले. शेवटच्या प्लेटवर खरंच गोल नव्हता. "हे निर्ढावलेले कुठून आले?"

"छातीठोक नाही सांगता येणार. पण तुमच्याकडचे जंतूही याच औषधाला दाद देत नाहीत. आणि रोज तुमच्या शेडमधून थेट तिच्याकडे जातं कोण, चुका काढायला?"

बाबांनी प्लेटवर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "उद्यापासून तिच्या शेडमध्ये पाय ठेवणार नाही."

हेच ऐकायला बहीण वर्षानुवर्षं भांडत होती. तिनं नाचायला हवं होतं. पण तिचा चेहरा पडला.

"असं कसं? आजारी पिल्लू तुमच्याइतकं पटकन कुणाला ओळखू येतं? या की. फक्त बूट धुऊन, आणि आधी माझ्याकडे, मग तुमच्याकडे."

बाबांनी उगाचच चष्मा पुसला. मग तिला विचारलं, "किती वाजता येऊ?"