वैशाखातलं पाणी

किसनरावांनी वांग्यांची टोपली हौदात बुडवली आणि हात झटकन वर काढला. पाणी कोमट होतं. ऊन अजून बांधावरच्या बाभळीपर्यंतही पोचलं नव्हतं, रात्रभर उघड्यावर राहिलेला हौद गार असायला हवा होता. त्यांनी हात धोतराला पुसला आणि टोपली पुन्हा बुडवली.

"झाली का धुऊन?" त्यांच्या पत्नी बेबीताई बांधावरून ओरडल्या. "सरपंचाची गाडी येऊन राहिली. सुनावनीच्या सैपाकाले उशीर नोको म्हने."

"झाली," किसनराव म्हणाले.

त्यांना विहिरीत डोकावायचं नव्हतं, पण टोपली उचलताना नजर गेलीच. वैशाख अर्धा सरला होता आणि पाणी वरच्या पायरीला टेकलं होतं. चैत्रात जिचा तळ दिसायचा, बादली खडकावर आपटायची, ती विहीर आता काठोकाठ भरून गप्प उभी होती. वारा सुटला तरी पाण्यावर सुरकुती उमटत नव्हती. बाभळीचा पाला पडायचा तो तसाच तरंगत राहायचा, हिरवाच्या हिरवा.

नाल्यापलीकडे कापड रंगवायचा कारखाना होता. कारखान्याने आपलं वापरलेलं पाणी शुद्ध करून खोल बोअरमधून जमिनीत सोडायला सुरुवात केली, आणि आसपासच्या गावांच्या विहिरी हळूहळू चढू लागल्या. पहिल्यांदा पाणी वर आलं तेव्हा लोक नारळ घेऊन धावले होते. बेबीताईंनी विहिरीची ओटी भरली होती. आता हीच योजना जिल्ह्याचं धोरण व्हायची होती, पुढे अकोल्याकडेही जायची होती. बार्शीटाकळीला किसनरावांच्या सुनेचं, करिश्माचं, माहेर. तिचे वडील फोनवर रोज विचारत, "आमच्याकडं कवा येते तं ते पानी?"

धोरण ठरवण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला आज अमरावतीहून अधिकारी येणार होत्या.

वांगी पाहण्यासारखी होती, यात शंका नव्हती. जांभळी, तुकतुकीत, एकाही वांग्याला छिद्र नाही. किसनरावांच्या उभ्या हयातीत फवारल्याशिवाय अळी न पडलेलं वांगं त्यांनी पाहिलं नव्हतं. पण ते एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं झालं असतं. होळीच्या सुमारास बेबीताईंनी चुलीपाशी एक वांगं चिरलं आणि पाण्यात टाकायचं विसरल्या. दुपारी येऊन पाहिलं तर फोडी परातीत तशाच पडलेल्या, पांढऱ्याशुभ्र. काळ्या पडल्या नव्हत्या. त्यांच्यावर माशीही बसली नव्हती.

त्या दिवशी बेबीताईंनी फोडी उचलून उकिरड्यावर टाकल्या. दुसऱ्या दिवशी वलगावच्या बाजारातून येताना त्यांच्या पिशवीत वांगी होती. घरची वाडी वांग्यांनी लगडलेली, आणि बायको बाजारातून वांगी विकत आणते! किसनरावांनी पिशवीकडे पाहिलं आणि पाय धुवायला मोरीकडे वळले. तेव्हापासून वाडीतलं सगळं अमरावतीच्या मोठ्या मंडीत जायचं आणि घरातलं सगळं वलगावहून यायचं. करिश्माला सहावा महिना लागला होता. तिच्यासाठी तर पालकाची जुडीही तिथलीच. या गोष्टीवर घरात एक अक्षर निघालं नव्हतं.

मांडव शाळेच्या पटांगणात होता. अधिकारी गीतांजली मॅडम वयाने लहानच होत्या, पण प्रत्येकाचं बोलणं मान न हलवता पूर्ण ऐकायच्या. कारखान्याच्या माणसाने पडद्यावर आकृत्या दाखवल्या, शाश्वत विकास म्हणजे काय ते सांगितलं. मॅडमनी विचारलं, "पाण्याची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत झाली आहे का?" तो म्हणाला, "झाली आहे, सगळं मर्यादेच्या आत आहे." मग गावकऱ्यांची पाळी आली.

आधी नदीपलीकडच्या गावचे देवराव उठले. उंच, सडपातळ माणूस, डोक्यावर टोपी. किसनरावांची त्यांच्याशी लग्नकार्यात राम राम करण्यापुरती ओळख होती. देवराव म्हणाले, "माही इहीर बाप्पा कोरडी ठन्न होती. आता मोटर लावली तं पानी हटत नाही. योजना चांगली हाय. सगळीकडं झाली पायजे." टाळ्या पडल्या.

मग किसनराव. माइक हातात घेतल्यावर त्यांना समोर बायकांच्या रांगेत बेबीताई दिसल्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"पानी आलं," किसनराव म्हणाले. "वैशाखात आलं. आमच्यासाठी तेच मोठं हाय."

मॅडमनी विचारलं, "पाण्याबद्दल काही तक्रार?"

"नाही जी."

एकामागून एक माणसं उठली, आसपासच्या सगळ्या गावांची. सगळ्यांचं बोलणं इतकं सारखं होतं की किसनरावांना आपलाच आवाज वेगवेगळ्या तोंडांतून येत असल्यासारखं वाटू लागलं. पाणी आलं. चांगलं झालं. तक्रार नाही. सांगताना कुणीही मॅडमकडे पाहत नव्हतं.

मग पंगती बसल्या. वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, जिलेबी. भाजीवर लालभडक तर्री आली होती, वास पटांगणभर सुटला होता. वाढणारी बाई भाजीची बादली घेऊन रांगेत शिरली. किसनरावांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"पोट ठीक नाही," ते म्हणाले.

बाई पुढे सरकली. शेजारच्या देवरावांनीही हात आडवा धरला. त्याच्या पुढच्याने मान हलवली. त्याच्या पुढच्याने भाजी घेतली खरी, पण ती भाताआड सारून ठेवली. किसनरावांनी रांगेच्या शेवटापर्यंत नजर नेली. वऱ्हाडातला माणूस, आणि पंगतीत वांग्याची भाजी नाकारतो! पण समोरच्या रांगेतही तेच. माणसं वरणभात कालवत होती, खाली मान घालून, भरभर. कुणी कुणाला आग्रह करत नव्हतं. बादली जशी भरलेली आली तशीच जड हाताने पुढे चालली होती. भाजी खात होते ते फक्त शहरातून आलेले. चालक, कारकून, कारखान्याचा माणूस.

आपल्या घरात जे घडतं ते फक्त आपल्याच घरात घडतं, अशी किसनरावांची आजवर समजूत होती.

गीतांजली मॅडम त्यांच्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी पोळीचा तुकडा तर्रीत बुडवला आणि हसून म्हणाल्या, "काका, ही तुमच्या शेतातली ना? सरपंच सांगत होते. फारच छान झाली आहे." वाढणाऱ्या बाईला त्यांनी खूण केली. "ताई, थोडी अजून."

बाईने पळी बादलीत घातली. ती वर काढेना. तिने किसनरावांकडे पाहिलं.

"मॅडम," किसनराव म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की त्यांना तो पुन्हा काढावा लागला. "मॅडम, नका घेऊ ते."

"का?"

मॅडमनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग त्यांची नजर शेजारच्या पत्रावळीवर गेली, तिथून पुढच्या, तिथून रांगेच्या टोकापर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तुम्ही घरी कुठली भाजी खाता, काका?"

"इकत आनतो," किसनराव म्हणाले. "वलगावच्या बाजारातून. सून पोटुशी हाय आमची. तिच्या पोटात हे जाऊ देत नाही मी. वलगावचीच आनतो."

शेजारी बसलेल्या देवरावांचा हात भातात थांबला.

"वलगावात कोनापासून घेता?" त्यांनी विचारलं.

"शाळेच्या भिंतीले लागून एक बाई बसते. तिची भाजी चांगली असते."

देवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माही बायको हाय ते," ते म्हणाले. "माह्याच वावरातली भाजी. त्याच इहिरीवरची."

"मंग तुमी काय खाता?"

"आमी अमरावतीच्या मंडीतून आनतो, किसनराव. तुमच्या गावचा माल येते तिथं. वांगी म्हटली तं तुमचीच."

किसनरावांना आपलं स्वयंपाकघर दिसलं. आदल्या संध्याकाळी करिश्मा बाजारातली वांगी चिरत होती. तिच्यासमोर परात होती आणि परातीत पाणी नव्हतं. वांगी पाण्यात टाकायची तिची सवय कधी सुटली, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फोडी काळ्या पडतच नव्हत्या, मग पाणी कशाला!

ते उठले. हातही धुतला नाही. मांडवात पोरं माइकच्या तारा गुंडाळत होती, कारकून खुर्च्या मोजून देत होता. मॅडम त्यांच्या मागोमाग आल्या.

"सुनावणी संपवलेली नाही मी," त्या कारकुनाला म्हणाल्या. मग किसनरावांकडे वळल्या. "बोला काका. माइक नसला तरी चालेल."

किसनराव व्यासपीठाच्या कडेला उभे राहिले. पंगतीतली माणसं खरकट्या हातांनी त्यांच्याकडे पाहत होती. काय सांगायचं ते त्यांना सुचेना. कोमट पाण्याचं, की वांग्याचं, की सुनेचं. शेवटी तोंडातून निघालं ते त्यांनी आजवर बेबीताईंनाही सांगितलं नव्हतं.

"माह्या इहिरीत पारवे होते," ते म्हणाले. "कपारीत राहत. माह्या आज्याच्या वक्तापासून. पानी चढलं तसे ते वर आले, काठावर बसले. दोन-चार दिवस पान्याकडं पाहत बसले. पेले नाही. मंग एका सकाळी उडून गेले."

भाजीची बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईने ती खाली ठेवली.

"आमचेही," ती म्हणाली.