तुटक रेघेच्या मागावर

पाणीखात्याच्या नकाशा विभागात ती गेली एकोणीस वर्षं रेघा मारत होती, म्हणून सगळं ऑफिस तिला रेघाबाई म्हणायचं. नळाची रेघ निळी, गटाराची तपकिरी, आणि जे कधीकाळी होतं पण आता नाही त्याची तुटक. शहराच्या पोटात काय काय आहे ते तिला तोंडपाठ होतं. पण ते पोट कागदावरचं. ज्या रस्त्यांखालचे नळ तिनं चार-चार वेळा काढले, त्यातल्या निम्म्या रस्त्यांवर तिनं कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

नवरा पाव भाजायचा. पहाटे तीनला भट्टीपुढे उभा राहायचा तो थेट दुपारपर्यंत. त्यामुळे सुट्टी म्हणजे आडवं होणं, एवढंच त्याला कळायचं. दर वर्षी आठ दिवस दोघं एका तळ्याकाठच्या विश्रामगृहात जात. तो जेवायचा, झोपायचा, झोपून दमला की पुन्हा झोपायचा. ती व्हरांड्यात बसून बदकं मोजायची. पाचव्या दिवसापर्यंत बदकंच तिला ओळखायला लागायची. त्याच्या झोपेवर तिचा राग नव्हता. वर्षभर पहाट बघणाऱ्या माणसानं आठ दिवस ती बघू नये, हे तिला पटत होतं. पण वर्षभर खुर्चीत बसणाऱ्या बाईनं सुट्टीतही दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसायचं, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं.

यंदा विश्रामगृहाचा फोन आला. छप्पर दुरुस्तीला काढलंय, येऊ नका. इकडे तिची रजा मंजूर, त्याची भट्टी बंद.

“बरं झालं,” नवरा म्हणाला. “प्रवासाची दगदग वाचली.” आणि त्यानं कूस बदलली.

पहिला दिवस तिनं कपाटं आवरण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटं संपली. चहा पिता पिता तिला तिच्या नकाशातली एक तुटक रेघ आठवली. टेकडीच्या पायथ्यापासून निघून ती नदीवरच्या पुलापाशी संपायची, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘जुना ओढा, बुजवलेला’. चार वेळा नकाशा नवा झाला आणि चारही वेळा तिनं ती इमानेइतबारे जशीच्या तशी उतरवली. आधीच्या माणसानं काढली म्हणून तिनं काढली. त्यानंही बहुतेक त्याच्या आधीच्यानं काढली म्हणूनच काढली असणार. पण तो ओढा पाहिला कोणी होता?

तिनं एका पाकिटाच्या पाठीवर ती रेघ आठवून काढली, कापडी बूट चढवले आणि बाहेर पडली.

पहिला अर्धा तास काहीच दिसलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की आजूबाजूचे सगळे रस्ते सरळसोट असताना ही एकच गल्ली उगाच वळणं घेत चाललीय. गल्ली कशाला उगाच वळेल? ती ओढ्याच्या काठानं वळत होती. पुढे सपाट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे दगडी कठडे होते. त्यांवर म्हातारे गप्पा मारत बसले होते आणि आपण एका पुलावर बसलोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. रेघाबाईच्या छातीत धडधडायला लागलं. एकोणीस वर्षांत एकाही कागदानं तिची अशी अवस्था केली नव्हती.

गल्लीच्या टोकाला एक लाँड्री होती. तिनं आत डोकावून सरळच विचारलं, “ताई, तुमच्याकडे खाली पाण्याचा आवाज येतो का हो?”

लाँड्रीवालीनं हातातली इस्त्री उभी केली. “मला वाटलं मलाच ऐकू येतो. मशीन बंद केल्या की येतो. नवरा म्हणतो, कान तपासून घे.”

मागच्या खोलीत कपड्यांच्या गाठोड्यांखाली एक लोखंडी झाकण निघालं. दोघींनी मिळून ते पहारीनं सरकवलं. थंडगार हवेचा झोत तोंडावर आला. रेघाबाई चक्क फरशीवर पालथी पडली आणि तिनं टॉर्च खाली धरला. हातभर खोलीवर, दगडी पाटातून, काळंभोर पाणी सुसाट चाललं होतं.

“बुजवलेला म्हणे,” ती म्हणाली आणि तिला हसूच आवरेना.

घरी आली ती थेट पलंगापाशी. नवऱ्यानं डोळे न उघडता सगळं ऐकलं.

“वाहतंय ना? वाहू दे की.”

“अहो, पण नकाशात ते नाहीचे.”

“हं.” मग, “जातं कुठं?”

“पुलापाशी. नदीत. नकाशात तसंच दाखवलंय.”

“नकाशात तो बुजवलेलाही दाखवलाय ना?” म्हणत नवरा उठून बसला. सुट्टीत दुपारी दोन वाजता हा माणूस उठून बसलेला तिनं प्रथमच पाहिला. “रंग टाकायचा. केकवर घालतो तो. खायचाच आहे, कुणाला काही अपाय नाही. बाहेर कुठं निघतो ते बघायचं.”

“लाल आहे?”

“लाल नको. लोक पोलीस बोलावतील. निळा घेऊ.”

तिसरं माणूस हवं होतं. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद, आक्का, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली. गुडघे गेले होते, शिट्टी शाबूत होती. बागेच्या कोपऱ्यावर रस्त्यात जी मोठी जाळी आहे तिथं उभं राहायचं, पाणी निळं दिसलं की फोन करायचा, असं तिला सांगितलं. “फोन कशाला?” आक्का म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला नवरा पुलाखाली जाऊन बसला. ओढ्याचं तोंड म्हणून नकाशात जे दाखवलं होतं, तो मोठा नळ तिथं नदीत उघडत होता. आक्का जाळीपाशी. लाँड्रीत रेघाबाईनं बरणी उपडी केली. निळा रंग पाण्यात एकदाच फुलला आणि दिसेनासा झाला.

“पळा,” लाँड्रीवाली म्हणाली.

ती पळाली. वळणाच्या गल्लीतून, कठड्यांवरच्या म्हाताऱ्यांसमोरून, एका हातात पदर आणि दुसऱ्यात पाकीट घेऊन. पायाखालून पाणी धावतंय आणि वरून आपण, या विचारानं तिच्या पायांत वारं भरलं. बाग अजून दोन वळणं लांब होती तोच शिट्टी ऐकू आली. लांब, कडक, अख्खी शाळा जागच्या जागी थांबेल अशी. बागेतली माणसं खरोखरच थांबली होती.

“बारा मिनिटं,” आक्का घड्याळावर बोट ठेवून म्हणाली. जाळीखालून निळं पाणी चाललं होतं. “बघतेस काय, जा पुढं.”

पुलाखाली नवरा दगडावर उकिडवा बसला होता. “आलं?” तिनं धापा टाकत विचारलं.

“नाही.”

नळातून करंगळीएवढी धार पडत होती. तीही स्वच्छ. दोघं बसून राहिली. पाऊण तास झाला. निळ्याचा मागमूस नाही.

“बागेपर्यंत आलं आणि इथं नाही,” नवरा म्हणाला. “म्हणजे मध्येच कुठंतरी पळालं.” आणि ती काही बोलायच्या आत तो उठून चालायला लागला. रस्त्यातल्या प्रत्येक जाळीपाशी तो गुडघे टेकायचा, कान लावायचा, मान हलवायचा, पुढे निघायचा. येणारेजाणारे वळून बघत होते. तिला त्याची लाज वाटायला हवी होती. प्रत्यक्षात ती त्याच्या शेजारी दुसऱ्या जाळीला कान लावून बसली होती.

बागेपासून दोन रस्ते अलीकडे, पुलाच्या बाजूला, सार्वजनिक वाचनालय होतं. दाराशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ बादलीत टक लावून उभे होते. बादलीतलं पाणी निळं होतं.

“तुम्ही पाणीखात्यातल्या का?” रेघाबाई ज्या नजरेनं बादलीकडं बघत होती, त्यावरून त्यांनी ओळखलं.

“हो.”

“मी ग्रंथपाल. तळघरात पाणी येतं म्हणून अकरा वर्षं अर्ज करतोय. दर वेळी तुमचं उत्तर येतं, ‘नकाशा पाहता सदर ठिकाणी पाण्याचा कोणताही स्रोत नाही.’ आज सकाळपासून स्रोत निळा झालाय.”

नकाशा पाहता. तो नकाशा तिचा होता. “चुकलंच आमचं,” ती म्हणाली. “दाखवता का तळघर?”

तळघरात ओलसर कागदाचा वास होता. पुस्तकं खालच्या तीन फळ्यांवरून कधीच उठवलेली. मागच्या भिंतीच्या तळाशी निळं पाणी पाझरत होतं. नवऱ्यानं बाह्या सारल्या आणि बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत निघाला, भट्टीतून निघालेला पाव खालून ठोकून बघतात तशी. टक, टक, टक, आणि मग ढब.

“इथं पोकळ आहे,” तो म्हणाला. “आतून नीट भाजलंय.”

ग्रंथपालांनी आधी भिंतीला कान लावला, मग नवऱ्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. रेघाबाई पावलांनी अंतर मोजत पाकिटावर रेघ ओढत होती. ओढा बागेपाशी वळतो, वाचनालयाला खेटून जातो. शहरात हे आत्ता फक्त तीन माणसांना माहीत होतं. जाळीपाशी उभी असलेली आक्का धरली तर चार.

दुसऱ्या दिवशी रजेवर असूनही ती ऑफिसात गेली. परवानगीशिवाय सार्वजनिक पाण्यात रंग टाकला म्हणून साहेबांनी तिला वीस मिनिटं झाडलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग साहेबांनी चष्मा पुसला. “जाळीपर्यंत किती वेळ लागला म्हणालात?”

“बारा मिनिटं.”

साहेबांनी पेन्सिल उचलली.

महिन्याभरात खोदकाम झालं. वाचनालयामागं पाटाची कड ढासळलेली निघाली, पाणी तिथूनच जमिनीत मुरत होतं; ती बांधून काढली. तळघर सुकलं, खालच्या फळ्या पुन्हा भरल्या. नव्या नकाशात ती रेघ अखंड झाली, आणि वाचनालयाला वळसा घालून गेली. ऑफिसात सगळे ती रेघ बघायला येऊन गेले.

पण हे सगळं नंतर. त्या सुट्टीतले पुढचे दोन दिवस नवरा लाकडाच्या ओंडक्यासारखा झोपला. सातव्या दिवशी सकाळी तो स्वतःच म्हणाला, “हे पाणी येतं कुठून, ते नाही बघितलं आपण.”

तिघं बसनं टेकडीवर गेली. काटेरी झुडपांतून वाट काढता काढता आक्काची ओढणी फाटली, नवऱ्याचा बूट चिखलात रुतला तो दोघींनी ओढून काढला. झरा सापडला तो टायर दुरुस्तीच्या एका दुकानामागं. दुकानदार त्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता.

“हा होय?” तो म्हणाला. “हा तर कधीचाच आहे. याच्याहून मोठा पलीकडच्या उतारावर आहे. पण वाट निसरडी आहे हं.”

रेघाबाईनं आक्काच्या गुडघ्यांकडं पाहिलं. आक्का केव्हाच चालायला लागली होती.

वाट खरंच निसरडी होती. संध्याकाळी परतताना बस निम्मी रिकामी होती, पण तिघांचे चिखलानं माखलेले कपडे बघून कंडक्टरनं सीटवर बसू दिलं नाही. तिघं दांड्याला धरून उभी राहिली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत, कोण आधी घसरलं यावरून भांडत, हसत राहिली.